गावाचे नाव नसलेला संघ : अ‍ॅथलेटिक्सचा इतिहास, त्यांची मैदाने आणि लास व्हेगासमधील भवितव्य

नवखा प्रेक्षक

नमस्कार.

मेजर लीग बेसबॉल, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा, मी अलीकडे नियमितपणे पाहू लागलो आहे आणि त्यातील एका संघाविषयी जाणकारांकडून नीट समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे. तो संघ म्हणजे अ‍ॅथलेटिक्स. इतर सर्व संघांच्या नावाआधी शहराचे किंवा राज्याचे नाव असते. या संघाच्या नावाआधी सध्या काहीच नसते. २०२५ च्या हंगामात त्यांच्या जर्सीच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोच्या टॉवर ब्रिजचे चित्र होते आणि दुसऱ्या बाहीवर लास व्हेगासचे नाव होते. खेळायचे एका गावात, जायचे दुसऱ्या गावात, आणि कॅलिफोर्नियातील ज्या ऑकलंडमध्ये ५७ हंगाम काढले त्या गावाचे नाव मात्र जर्सीवर कुठेही नाही, हे पाहून मला खरोखर वाईट वाटले.

मला मुख्यतः तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. एवढा जुना आणि यशस्वी संघ पुन्हा पुन्हा गाव का बदलतो? मेजर लीगचा संघ जेमतेम १४,००० प्रेक्षकांच्या छोट्या मैदानावर खेळतो, ही व्यवस्था कशी झाली आणि तिचा खेळावर काय परिणाम होतो? आणि लास व्हेगासमध्ये या संघाचे बस्तान खरोखर बसेल, असे आपणांस वाटते का? शिवाय ऑकलंडमध्ये जिंकलेली विजेतेपदे यापुढे कोणाची मानायची, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

दस्तऐवज

प्रश्न चांगला आहे. पहिल्या भागाचे उत्तर ऑकलंडपासून सुरू केले तर अर्धवट राहील, म्हणून मुळापासून सांगतो.

हा संघ १९०१ साली अमेरिकन लीगच्या स्थापनेबरोबर फिलाडेल्फियात जन्मला. कॉनी मॅक हे त्याचे व्यवस्थापक आणि पुढे मालकही झाले. १९०१ ते १९५० असे तब्बल ५० हंगाम त्यांनी हा संघ चालवला. न्यूयॉर्क जायंट्सचे जॉन मॅग्रॉ यांनी या संघाला 'पांढरा हत्ती' म्हणून हिणवले, तेव्हा मॅक यांनी तोच हत्ती संघाचे बोधचिन्ह म्हणून स्वीकारला आणि आज सव्वाशे वर्षांनंतरही तो त्यांच्या गणवेशावर दिसतो. १९०९ मध्ये उघडलेले त्यांचे शाइब पार्क हे पोलाद आणि काँक्रीटमध्ये बांधलेले मेजर लीगमधील पहिले मैदान होते. १९१०, १९११, १९१३, १९२९ आणि १९३० अशा पाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या विजेतेपदाच्या अंतिम मालिका, त्यांनी फिलाडेल्फियात जिंकल्या.

परंतु या संघाच्या स्वभावातली एक गोष्ट तेव्हाच दिसून आली होती. १९१४ ची वर्ल्ड सिरीज हरल्यानंतर वाढते पगार परवडेनात म्हणून मॅक यांनी आपले उत्तम खेळाडू एकेक करून सोडून दिले किंवा विकले, आणि १९१५ पासून सलग सात वर्षे संघ तळाला राहिला. १९१६ मध्ये तर त्याने ११७ सामने गमावले. पुढे जिमी फॉक्स, लेफ्टी ग्रोव्ह, अल सिमन्स आणि मिकी कॉक्रन यांना घेऊन मॅक यांनी पुन्हा एक अजोड संघ उभा केला, आणि महामंदीत प्रेक्षक घटताच तोही मोडला. विजेता संघ घडवायचा आणि पैशाअभावी तो विकून टाकायचा, हे चक्र पुढे तिन्ही गावांत फिरत राहिलेले दिसेल.

१९५४ च्या हंगामानंतर शिकागोचे व्यावसायिक अर्नोल्ड जॉन्सन यांनी संघ विकत घेऊन कॅन्सस सिटीला नेला. १९५५ च्या पहिल्याच हंगामात तिथे सुमारे १४ लाख प्रेक्षक आले. म्हणजे गावाने संघाला डोक्यावर घेतले होते. संघाने गावाला काय दिले? तेरा हंगामांत एकदाही विजयांची संख्या पराजयांपेक्षा जास्त झाली नाही. जॉन्सन यांचे न्यूयॉर्क यँकीजच्या मालकांशी जुने व्यावसायिक संबंध होते आणि चांगले खेळाडू एकामागून एक यँकीजकडे जात राहिले. १९५९ च्या डिसेंबरात गेलेल्या रॉजर मॅरिसने १९६१ मध्ये ६१ होम रन (चेंडू कुंपणापलीकडे धाडणारे फटके) मारून बेब रूथचा विक्रम मोडला. तो यँकीजच्या गणवेशात. कॅन्सस सिटीच्या प्रेक्षकांना त्या वेळी काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही.

जॉन्सन यांच्या निधनानंतर १९६० च्या अखेरीस चार्ली फिन्ली यांनी संघ घेतला. माणूस विक्षिप्त आणि कल्पक होता. हिरवा-सोनेरी गणवेश आणि पांढरे बूट ही त्यांचीच देणगी; मैदानाच्या उजव्या कुंपणामागच्या उतारावर त्यांनी मेंढ्या चरायला सोडल्या होत्या आणि संघाचे प्रतीक म्हणून एक खेचरही पाळले होते. मात्र संघ दुसरीकडे नेण्याचे त्यांचे प्रयत्न सुरुवातीपासूनच चालू होते, आणि १९६८ मध्ये ते ऑकलंडला पोहोचले. कॅन्सस सिटी ज्या राज्यात आहे त्या मिझुरीचे सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन यांनी बेसबॉलला मिळालेली मक्तेदारीविरोधी कायद्यातील सूट काढून घेण्याची धमकी दिल्यामुळे कॅन्सस सिटीला १९६९ मध्येच रॉयल्स हा नवा संघ मिळाला. ऑकलंडकडे असा खमका सिनेटर नव्हता, एवढेच इथे नोंदवतो.

ऑकलंडमधील पहिल्या हंगामातच, मे १९६८ मध्ये, कॅटफिश हंटरने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या २७ पैकी एकाही बॅटरला पहिला बेस गाठू दिला नाही. त्यानंतर रेजी जॅक्सन, हंटर, रोली फिंगर्स, व्हिडा ब्लू या मंडळींनी १९७२, १९७३ आणि १९७४ अशा सलग तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. यँकीजखेरीज सलग तीन जिंकणारा दुसरा संघ आजतागायत झालेला नाही. आणि मग तेच जुने चक्र फिरले: करारातील एक अट फिन्ली यांनी न पाळल्यामुळे हंटर मुक्त झाला, जॅक्सनची अदलाबदल झाली, आणि १९७६ मध्ये फिंगर्स, ब्लू व जो रूडी यांना रोख पैशांत विकण्याचा फिन्ली यांचा घाट आयुक्त बोवी कून यांनीच रोखला. १९७९ मध्ये एका सामन्याला अवघे ६५३ प्रेक्षक होते.

या संघाच्या इतिहासातील सर्वांत सुखाचा काळ त्यानंतरचा आहे. लिव्हाय स्ट्रॉसच्या हास कुटुंबाने १९८० मध्ये संघ घेतला, खेळाडूंवर आणि गावावर मनापासून खर्च केला. रिकी हेंडरसन, डेव्ह स्टुअर्ट आणि डेनिस एकर्सली यांच्या संघाने १९८९ ची वर्ल्ड सिरीज जिंकली, ती शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध आणि मधल्या भूकंपामुळे दहा दिवस थांबलेली. १९९० मध्ये हंगामभरात २९ लाखांहून अधिक लोक मैदानावर आले. ऑकलंड हे बेसबॉलचे गाव नाही, असे आता जे सांगितले जाते, त्याला हा आकडा पुरेसे उत्तर आहे.

विजेतेपदांबद्दल विचारले आहे, तर मेजर लीगच्या नोंदींत इतिहास संघाबरोबर जातो. फिलाडेल्फियाच्या पाच आणि ऑकलंडच्या चार मिळून नऊ वर्ल्ड सिरीज अ‍ॅथलेटिक्सच्याच धरल्या जातात. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्लीव्हलँड ब्राऊन्सचा संघ १९९६ मध्ये बाल्टिमोरला गेला, तेव्हा नाव, रंग आणि नोंदी गावातच ठेवण्याचा समझोता झाला होता. ऑकलंडच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

रानजाई

दस्तऐवज यांनी इतिहास उत्तम मांडला आहे. मी मैदानांबद्दल लिहिते, कारण माझ्या मते या संघाची सगळी कथा मैदानाभोवतीच फिरते.

ऑकलंड कोलिझियम १९६६ मध्ये उघडले. बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या दोन्ही खेळांना चालेल अशा वर्तुळाकार काँक्रीटच्या वास्तू त्या काळात अनेक शहरांत उभ्या राहिल्या, त्यांतलीच ही एक. खेळण्याची जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा बरीच खाली असल्यामुळे बाहेरून वास्तू बुटकी दिसे आणि आत शिरल्यावर एकदम खोल वाटे. तिचे फाउल क्षेत्र, म्हणजे खेळाच्या सीमारेषा आणि प्रेक्षक यांच्यामधली जागा, मेजर लीगमध्ये सर्वांत प्रशस्त म्हणून ओळखले जाई. दुसऱ्या मैदानावर जो उंच फाउल चेंडू प्रेक्षकांत पडून बॅटरला आणखी एक संधी देतो, तो इथे क्षेत्ररक्षकाच्या हातात विसावत असे. त्यात खाडीवरून येणारी संध्याकाळची गार, दमट हवा चेंडूला फार लांब जाऊ देत नसे. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, हे मैदान मानवणारे होते आणि इथल्या संघबांधणीतही त्याचा विचार असे.

१९९५ पर्यंत आउटफील्डच्या (बेसच्या पलीकडील मोकळ्या भागाच्या) पलीकडे ऑकलंडच्या टेकड्या दिसत. त्या वर्षी रेडर्स हा फुटबॉल संघ लॉस एंजेलिसहून परतला आणि त्याच्यासाठी आउटफील्डच्या मागे एक अजस्र स्टँड बांधण्यात आला. रेडर्सचे मालक अल डेव्हिस यांच्यावरून लोक त्याला माउंट डेव्हिस म्हणत. टेकड्या झाकल्या गेल्या, आणि बेसबॉलला नको असलेली हजारो आसने मात्र वाढली. पुढे वरचा मजला ताडपत्रीने झाकून ठेवावा लागला. याच बांधकामामुळे १९९६ च्या हंगामातील घरचे पहिले सहा सामने अ‍ॅथलेटिक्सला दुसऱ्या गावी खेळावे लागले होते. ते गाव म्हणजे लास व्हेगास, आणि मैदान होते कॅशमन फील्ड.

नंतरच्या काळात देखभालीकडे इतके दुर्लक्ष झाले की २०१३ मध्ये सांडपाणी तुंबून ड्रेसिंग रूममध्ये शिरले आणि दोन्ही संघांना रेडर्सच्या खोल्यांत जाऊन आंघोळ करावी लागली. तरीही माझे मत विचाराल तर, उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी आउटफील्डच्या बाकांवरचे ढोल, हिरवे झेंडे आणि एकमेकांना नावाने ओळखणारे प्रेक्षक यांनी या काँक्रीटच्या वाडग्याला जे घरपण दिले होते, ते कितीतरी देखण्या मैदानांना मिळालेले नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तिथला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ प्रेक्षकांसमोर अ‍ॅथलेटिक्सने टेक्सस रेंजर्सना ३-२ असे हरवले. सामना संपल्यावर व्यवस्थापक मार्क कॉत्से यांनी मैदानात उभे राहून ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांचे आभार मानले आणि त्यांच्याबरोबर ऑकलंडचा जयघोष केला.

आता संघाच्या सध्याच्या मैदानाविषयी, म्हणजे सटर हेल्थ पार्कविषयी. हे मैदान सॅक्रामेंटो नदीच्या पश्चिम काठावर, वेस्ट सॅक्रामेंटोमध्ये आहे. ते २००० साली रेली फील्ड या नावाने उघडले आणि सॅक्रामेंटो रिव्हर कॅट्स या मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या पातळीवरील) संघाचे ते घर आहे. क्षमता १४,००० च्या आसपास. त्यातही उजवीकडे आउटफील्डमागे खुर्च्या नाहीत, गवताचा उतार आहे, त्यावर लोक चादर अंथरून बसतात. रिव्हर कॅट्स आणि एनबीए या बास्केटबॉल लीगमधील सॅक्रामेंटो किंग्ज या दोन्हींची मालकी विवेक रणदिवे यांच्या गटाकडे आहे. आपल्या वाचकांना हे आडनाव ओळखीचे वाटेल. त्यांचा जन्म मुंबईचा आहे. शहराला कायमचा मेजर लीग संघ मिळावा, ही त्यांची आकांक्षा त्यांनी लपवलेली नाही, आणि २०२५ ते २०२७ हे तीन हंगाम, गरज पडल्यास २०२८ सुद्धा, अ‍ॅथलेटिक्सला आसरा देण्यामागे तो विचार नक्कीच आहे.

खेळाच्या दृष्टीने अडचणी खऱ्या आहेत. खेळाडूंच्या खोल्या डगआउटला (मैदानालगतच्या खेळाडूंच्या बाकांना) लागून नसून आउटफील्डच्या पलीकडे आहेत, त्यामुळे सामना चालू असताना बॅटरला आत जाऊन आपल्या फटक्यांचे चित्रण पाहणे किंवा पिचरला मध्येच विश्रांतीसाठी जाऊन येणे सहज शक्य होत नाही. उन्हाळ्यात तिथले तापमान चाळीस अंशांवर जाते. दोन संघांच्या सततच्या वापरासाठी कृत्रिम हिरवळ घालण्याचा विचार आधी झाला होता, पण ती उन्हात भयंकर तापते म्हणून खेळाडूंच्या आग्रहावरून नैसर्गिक गवतच ठेवले गेले. गरम, कोरड्या हवेत चेंडू लांब जातो. ज्या संघाचे पिचर वर्षानुवर्षे कोलिझियमच्या गार हवेवर आणि मोठ्या फाउल क्षेत्रावर विसंबले होते, त्यांना हा बदल जड गेला. ३१ मार्च २०२५ रोजी इथल्या पहिल्याच सामन्यात शिकागो कब्जनी त्यांच्यावर १८ धावा चढवल्या.

नवखा प्रेक्षक

दोघांचेही मनापासून आभार. आता एक प्रश्न अधिकच बोचतो. १९९० मध्ये २९ लाख प्रेक्षक देणाऱ्या गावात नवे मैदान का बांधता आले नाही? मालकाने पैसे दिले नाहीत की शहराने?

हिशेबनीस

याचे उत्तर एका वाक्यात देणे अन्यायाचे होईल. प्रयत्न झाले आणि पुष्कळ झाले. २००५ मध्ये ल्यू वुल्फ आणि जॉन फिशर यांच्या गटाने संघ घेतला. फिशर हे गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. आधी फ्रीमाँट येथे मैदान बांधायचे ठरले, ते बारगळले. मग सॅन होजे. तिथे मात्र जायंट्स आडवे आले, कारण तो प्रदेश बेसबॉलच्या नियमांनुसार त्यांच्या हक्काचा होता. दुःखाची गोष्ट अशी की हा हक्क अ‍ॅथलेटिक्सच्याच हास यांनी जायंट्सना १९९० च्या सुमारास मोबदला न घेता, शेजारधर्म म्हणून देऊ केला होता. सॅन होजे शहर न्यायालयात गेले. १९२२ च्या निकालापासून बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून जी सूट आहे तिच्यापुढे दावा टिकला नाही आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यासही नकार दिला.

त्यानंतर ऑकलंडमध्येच लेनी कॉलेजजवळची जागा पुढे आली आणि तीही गेली. शेवटी २०१८ मध्ये हॉवर्ड टर्मिनल हा बंदराचा जुना धक्का निवडण्यात आला. मैदानाबरोबर घरे, कचेऱ्या, हॉटेल असा एकूण १,२०० कोटी डॉलरचा तो आराखडा होता. मैदान मालक स्वखर्चाने बांधणार होते, पण रेल्वेमार्ग ओलांडणारे पूल, रस्ते, जमिनीची स्वच्छता यांचा भार कोणी उचलायचा यावर वाटाघाटी अडून राहिल्या. बंदरातील मालवाहतूकदारांचा विरोध होता तो वेगळाच.

शहराची बाजूही समजून घेतली पाहिजे, आणि इथे माझा अनेक चाहत्यांशी मतभेद आहे. रानजाई यांनी ज्या माउंट डेव्हिसचा उल्लेख केला, त्याचे कर्ज ऑकलंड शहर आणि अलामेडा काउंटी यांना रेडर्स २०२० मध्ये लास व्हेगासला निघून गेल्यानंतरही फेडत राहावे लागले. वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ २०१९ मध्ये खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला होताच. एकदा असे पोळलेले शहर दुसऱ्यांदा हात पुढे करताना कागद दहा वेळा वाचणारच. त्याला उदासीनता म्हणता येणार नाही.

मालकाच्या बाजूने मला एवढेच सांगता येते की घाई त्यांनाही होती. लीगमधील श्रीमंत संघांकडून गरीब संघांना जो महसुलाचा वाटा मिळतो, तो पुढे चालू राहण्यासाठी जानेवारी २०२४ पर्यंत मैदानाचा पक्का करार करणे अ‍ॅथलेटिक्सवर बंधनकारक होते. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी वाटाघाटी थांबवून लास व्हेगासमध्ये जमीन घेत असल्याचे जाहीर केले. परंतु त्याआधीची दोन वर्षे ज्या पद्धतीने मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, शॉन मर्फी यांच्यासारखे खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले गेले, पगारखर्च तळाला नेला आणि तरीही तिकिटांचे दर चढवले, त्याचे समर्थन मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही. २०२३ मध्ये त्या संघाने ११२ सामने गमावले. लोक येईनासे झाले, आणि मग लोक येत नाहीत हेच स्थलांतराचे कारण म्हणून दाखवले गेले.

१३ जून २०२३ ची रात्र या संदर्भात आठवावी. चाहत्यांनी 'उलटा बहिष्कार' पुकारला होता, म्हणजे घरी न बसता मैदान भरून दाखवायचे. २७,७५९ लोक आले. हिरव्या टी-शर्टवर 'संघ विका' अशी मागणी होती. पाचव्या डावाच्या आरंभी सारे मैदान ठरवून गप्प बसले आणि मग एकाच सुरात तीच मागणी घुमली. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगासच्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक निधीचे विधेयक मंजूर केले, आणि दोन दिवसांत गव्हर्नर जो लोम्बार्डो यांची त्यावर सही झाली. नोव्हेंबरात तीसही मालकांनी एकमताने स्थलांतराला मान्यता दिली.

पश्चिमवारा

भवितव्याचा प्रश्न उरला आहे, त्यावर माझे मत मांडतो.

आधी वस्तुस्थिती. लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरील ट्रॉपिकाना हे १९५७ चे हॉटेल ऑक्टोबर २०२४ मध्ये स्फोटकांनी पाडले गेले आणि त्या ३५ एकरांपैकी ९ एकरांवर मैदान उभे राहत आहे. जून २०२५ मध्ये भूमिपूजन झाले. २०२८ चा हंगाम तिथे सुरू करण्याचे ठरले आहे. आराखडा ब्यार्के इंगल्स यांच्या संस्थेचा आहे: एकमेकांवर चढलेल्या पाच कमानींचे बंद छत आणि आउटफील्डच्या बाजूला शहराकडे उघडणारी प्रचंड काचेची भिंत. खर्चाचा अंदाज १५० कोटी डॉलरपासून चढत २०० कोटींपर्यंत गेला आहे. सार्वजनिक निधीची मर्यादा ठरलेली असल्यामुळे वाढीव भार मालकालाच पेलावा लागेल, आणि निधीच्या बदल्यात संघाने ३० वर्षे गाव सोडायचे नाही असा करार आहे. फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी, ऑकलंड या तिन्ही गावांना हे कलम मिळाले असते तर, असे वाटल्यावाचून राहत नाही.

क्षमता ३३,००० आहे, म्हणजे मेजर लीगच्या सर्वांत लहान मैदानांपैकी एक. घरचे ८१ सामने एकही जागा रिकामी न राहता झाले तरी हंगामात सुमारे २६ लाख ७३ हजार प्रेक्षक होतील. ऑकलंडने १९९० मध्ये, त्या जुन्या कोलिझियममध्ये, याहून अधिक लोक आणले होते. अर्थात आजचे गणित गर्दीवर कमी आणि महागड्या आसनांवर अधिक बेतलेले असते, त्यामुळे लहान मैदान हा मूर्खपणा आहे असे मी म्हणणार नाही. मला काळजी वाटते ती गावाच्या स्वरूपाची. लास व्हेगास महानगराची वस्ती तेवीस लाखांच्या आसपास, टीव्हीची बाजारपेठ लहान. पर्यटक वर्षाला सुमारे चार कोटी येतात हे खरे, पण पर्यटक आपल्या गावचा संघ खेळायला आला की येईल. मंगळवारी रात्री मध्यम दर्जाच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आसने भरायची ती स्थानिकांनीच.

आशेला जागा दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे गोल्डन नाइट्सचे उदाहरण. हा आइस हॉकी संघ २०१७ मध्ये तिथे नव्याने सुरू झाला, पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचला आणि २०२३ मध्ये स्टॅनले कप हा विजेतेपदाचा करंडक जिंकला. गावाने त्याला आपले मानले, कारण तो तिथेच जन्मला आणि लगेच जिंकू लागला. अ‍ॅथलेटिक्सकडे पहिली गोष्ट नाही. दुसरी मात्र असू शकते.

आणि तीच आशेची दुसरी जागा. हा तरुण संघ खरोखर गुणी आहे. पहिला बेस सांभाळणारा निक कर्ट्झ २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडला गेला आणि पुढच्याच वर्षी, २५ जुलै २०२५ रोजी, ह्यूस्टनमध्ये त्याने एका सामन्यात सहापैकी सहा फटके यशस्वी केले, त्यांत चार होम रन. ३६ होम रनसह तो एकमताने अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि त्या मतदानात दुसरा आला तो त्याचाच सहकारी जेकब विल्सन. ब्रेंट रूकर, लॉरेन्स बटलर यांच्याशी दीर्घ मुदतीचे करार झाले आणि त्यानंतर टायलर सोडरस्ट्रॉमशी सात वर्षांचा ८ कोटी ६० लाख डॉलरचा. २०२३ मध्ये ५० विजय, २०२४ मध्ये ६९ आणि २०२५ मध्ये ७६ अशी चढती कमान आहे. कमजोरी पिचिंगमध्ये आहे. लुइस सेव्हेरिनोला तीन वर्षांसाठी ६ कोटी ७० लाख डॉलर देऊन आणले, पण घरच्या मैदानावर त्याची कामगिरी बाहेरच्यापेक्षा स्पष्टपणे खालावलेली होती. सॅक्रामेंटोच्या उष्णतेत येऊन आपले आकडे बिघडवून घ्यायला मोठा पिचर सहजासहजी तयार होणार नाही, त्यामुळे २०२८ पर्यंत ही उणीव आतून, म्हणजे आपल्याच मायनर लीगमधून भरून काढावी लागेल.

माझ्या दृष्टीने निर्णायक कसोटी २०२८ ची नाही. नव्या मैदानाचे कुतूहल पहिली दोन-तीन वर्षे प्रेक्षक आणतेच. कर्ट्झ आणि विल्सन यांचे पगार मेजर लीगच्या नियमांनुसार जेव्हा झपाट्याने वाढू लागतील, तेव्हा मालक त्यांना राखतात की दस्तऐवज यांनी सांगितलेल्या चक्राप्रमाणे विकतात, यावर सारे ठरेल.

दस्तऐवज

पश्चिमवारा यांच्या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. त्याला एक जोड देतो. १९१४, १९३२ आणि १९७६ या तिन्ही वेळी संघ मोडण्याचे कारण मैदानाचे उत्पन्न अपुरे आहे असेच सांगितले गेले होते. हास यांच्या काळात मात्र त्याच कोलिझियममध्ये, त्याच गावात, संघ टिकलाही आणि जिंकलाही. म्हणून मैदान नवे झाले की बाकी सारे आपोआप सुधारेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

नवखा प्रेक्षक

सर्वांच्या उत्तरांनी चित्र पुष्कळ स्पष्ट झाले. ऑकलंडला पुन्हा मेजर लीग संघ मिळण्याची शक्यता कितपत आहे?

रानजाई

नजीकच्या काळात फारशी नाही. आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी संघांची संख्या ३० वरून ३२ करण्याची इच्छा अनेकदा बोलून दाखवली आहे, पण त्या शर्यतीत सॉल्ट लेक सिटी, नॅशव्हिल, पोर्टलंड यांची नावे पुढे आहेत आणि सॅक्रामेंटोही आपली दावेदारी सांगत आहे. खाडीच्या दोन्ही काठांवर आता जायंट्सचेच राज्य आहे आणि ते सहजी वाटेकरी येऊ देणार नाहीत.

मात्र ऑकलंडमध्ये बेसबॉल संपलेला नाही, हे आवर्जून सांगायला हवे. अ‍ॅथलेटिक्स जाणार हे ठरल्यावर स्थानिकांनी ऑकलंड बॉलर्स हा स्वतंत्र संघ उभा केला. पश्चिम ऑकलंडमधील रायमोंडी पार्क या सार्वजनिक मैदानाची डागडुजी करून तो २०२४ पासून तिथे पायोनियर लीगमध्ये खेळतो, सामान्य चाहत्यांनाही त्याची भागीदारी विकत घेता आली आहे, आणि २०२५ मध्ये त्याने लीगचे विजेतेपद मिळवले. दर्जा मेजर लीगचा नाही, पण कोलिझियमच्या बाकांवर ढोल वाजवणारी बरीच मंडळी आता तिथे असतात. आपल्याला तिथल्या प्रेक्षकांविषयी जाणून घ्यायचे असेल, तर त्यांचे सामने जरूर पाहावेत.